सशांमध्ये प्रतिपिंडनिर्मिती

एखादे प्रथिन सशाला टोचले, की त्या प्रथिनाच्या निरनिराळ्या भागांना ओळखणारी प्रतिपिंडे (अँटिबॉडी) त्याच्या रक्तात तयार होतात. हे पॉलिक्लोनल मिश्रण संशोधनात व रोगनिदानाच्या चाचण्यांत वापरले जाते. उंदराच्या मानाने सशाकडून कितीतरी जास्त रक्त मिळते. शिवाय सस्तन प्राण्यांच्या प्रथिनांतील जे भाग उंदराच्या शरीराला आपलेच वाटतात, त्यांतले काही सशाला परके वाटतात. यासाठी बहुधा न्यूझीलंड व्हाइट जातीचे ससे पाळतात.

हाताळणी. सशाचा सांगाडा हलका असतो, पण मागच्या पायांचे स्नायू दणकट. घाबरून त्याने जोरात लाथ झाडली, तर स्वतःचाच कमरेचा मणका मोडून तो मागच्या बाजूने लुळा पडू शकतो. म्हणून एक हात छातीखाली आणि दुसरा पुठ्ठ्याखाली घेऊन त्याला अंगाशी धरतात. डोके काखेत लपवू दिले, की तो बराच शांत राहतो. कान धरून उचलणे निषिद्ध आहे. ससा उताणा केल्यावर निपचित पडतो, त्याला काही जण ‘गुंगी’ म्हणून उपयोगात आणतात. पण शिकाऱ्याच्या तावडीत सापडलेल्या प्राण्याची ती भीतीची अवस्था आहे. आधीपासून रोज थोडा वेळ हाताळलेल्या सशाला सुई टोचताना जखडून ठेवावे लागत नाही.

लसीकरण. पहिल्या मात्रेआधी थोडे रक्त काढून ठेवतात. हे तुलनेसाठीचे रक्त घ्यायचे राहिले, तर नंतर दिसलेली प्रतिक्रिया त्या प्रथिनामुळेच आली हे सिद्ध करणे अवघड जाते. पुढच्या मात्रा साधारण तीन-चार आठवड्यांच्या अंतराने त्वचेखाली देतात, आणि प्रत्येक मात्रेनंतर दहा-चौदा दिवसांनी प्रतिपिंडांची पातळी तपासतात.

सगळ्यात जास्त वेदना होतात त्या प्रतिसाद वाढवण्यासाठी प्रथिनासोबत मिसळलेल्या सहायक द्रव्यामुळे. ज्यूल्स फ्रॉइंड यांच्या नावाने ओळखले जाणारे ‘पूर्ण’ द्रव्य म्हणजे खनिज तेलात मिसळलेले मृत मायकोबॅक्टेरिया (क्षयाच्या जंतूंच्या गटातले जीवाणू). प्रतिसाद जबरदस्त येतो, पण टोचल्या जागी गाठी, गळू आणि व्रणही होतात. त्यामुळे ते वापरायचेच असेल तर फक्त पहिल्या मात्रेत, अगदी थोडे आणि अनेक जागी विभागून देतात. पुढे हे जीवाणू नसलेले ‘अपूर्ण’ द्रव्य पुरते. तळपायात टोचण्याची जुनी पद्धत सशासाठी क्रूरच म्हणावी लागेल, कारण बसताना त्याचा सगळा भार त्याच पायांवर असतो. हे द्रव्य चुकून माणसाच्या बोटात गेले तरी इजा गंभीर होते.

रक्त काढणे. कानाच्या मधल्या धमनीतून किंवा कडेच्या शिरेतून रक्त घेतात. आधी बधिर करणारे मलम लावतात आणि कान ऊबदार करतात. सुई काढल्यावर रक्त थांबेपर्यंत जागा दाबून धरतात. चार किलोच्या सशात सुमारे २२० मिलिलिटर रक्त असते. त्यातले दहा टक्के, म्हणजे वीस-बावीस मिलिलिटर, एका वेळी घेऊन पुन्हा काही आठवडे थांबतात. शेवटी सगळे रक्त काढायचे असल्यास ते पूर्ण भुलीखालीच.

ससा दुखणे लपवतो. खाणे सोडणे, लेंड्या कमी होणे, डोळे बारीक करणे ही लक्षणे रोज पाहावी लागतात. २०१२ मध्ये सशाच्या चेहऱ्यावरून वेदना मोजण्याची श्रेणी प्रसिद्ध झाली.

पर्याय. जीवाणुभक्षी विषाणूंच्या साहाय्याने, प्राण्याला न टोचताही प्रतिपिंडे निवडता येतात. प्राण्यांपासून मिळवलेली प्रतिपिंडे वापरणे थांबवावे, अशी शिफारस युरोपीय आयोगाच्या संयुक्त संशोधन केंद्राने २०२० मध्ये केली. अनेक संशोधकांनी तिला हरकत घेतली.