ब्रेक लावतो आपण, सोडतं कोण?

गणपती आटोपून चिपळूणहून कराडकडे येताना कुंभार्ली घाटाच्या माथ्यावर चहाला थांबलो, तर डाव्या पुढच्या चाकातून जळका वास येत होता. रिमजवळ हात नेला तर तापल्या तव्यासारखी धग. उजवं चाक मात्र नुसतं कोमट. आता घाट चढताना ब्रेक लावतो कोण? गाडी तर दुसऱ्या गिअरमध्ये कुंथत वर आलेली. चहावाल्याने आपुलकीने पाण्याची बादली आणली. त्याला हात जोडून थांबवलं, कारण चाकाबरोबर फिरणाऱ्या, तापलेल्या बिडाच्या ब्रेक-डिस्कवर गार पाणी ओतलं तर ती वाकडी होऊ शकते, तडकूही शकते. मेहुण्याचं निदान वेगळंच होतं. "दाजी, नवे टायर टाकले तेव्हा चाकाखाली लिंबू ठेवलं नाही ना!"

लिंबाने कॅलिपर, म्हणजे डिस्कला चिमटीत धरणारा ब्रेकचा भाग, सुटत असता तर आमच्या भागातली निम्मी गॅरेजं बंद पडली असती. पण त्याला तरी काय बोलणार? ब्रेक लागतो कसा हे शाळेत पास्कलच्या नियमात येऊन जातं. सुटतो कसा, हे कुणी सांगत नाही.

लागण्याचा हिशेब सोपा आहे. पायाने 20 किलोचा जोर दिला, पेडलच्या तरफेने तो चौपट म्हणजे 80 किलो झाला. पेडल ज्यातलं द्रव दाबतं त्या मास्टर सिलिंडरचा व्यास 20 मिलिमीटर आणि कॅलिपरच्या पिस्टनचा 54 धरा. क्षेत्रफळं व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणून जोर 7.29 पट. एकेका पिस्टनवर साधारण 580 किलो! इंजिनाच्या निर्वातावर चालणाऱ्या बूस्टरची मदत यात धरलेलीच नाही. त्या जोराने पॅड, म्हणजे घासणाऱ्या पट्ट्या, डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटीत पकडतात.

पाय उचलला की दाब जातो. पण दाब गेला म्हणजे पिस्टन मागे आला असं नाही. तो आहे तिथेच थांबायला मोकळा. ड्रमब्रेकमध्ये लायनर मागे ओढायला चांगल्या जाडजूड स्प्रिंगा असतात. कॅलिपर उघडून बघा, पिस्टन मागे ओढणारी स्प्रिंग तिथे सहसा नसते. ते काम करते एक रबरी रिंग, जिला सगळे फक्त गळती थांबवणारी सील समजतात.

ही रिंग माझी लाडकी आहे, म्हणून जरा थांबतो. तिचा छेद गोल नसून चौकोनी असतो आणि ती पिस्टनवर नाही, तर कॅलिपरच्या अंगातल्या खाचेत बसवलेली असते. पिस्टनला तिने घट्ट मिठी मारलेली असते. पिस्टन पुढे सरकला की रिंगची आतली कड त्याच्याबरोबर पुढे ओढली जाते, बाहेरची खाचेत अडकून राहते आणि रबर तिरकं होतं. खाचेची पुढची धार मुद्दाम थोडी तासलेली असते, म्हणजे रबराला तेवढं झुकायला जागा मिळते. दाब गेला की तिरकं रबर सरळ होतं आणि सरळ होताना पिस्टनला मिलिमीटरचे काही दशांश मागे आणतं. चाक मोकळं फिरायला तेवढं पुरतं. किती मागे यायचं हे त्या तासलेल्या धारेच्या कोनावर आणि खोलीवर ठरतं. आणखी कमाल पुढे आहे. पॅड झिजला की पिस्टनला जास्त पुढे जावं लागतं. रबर झुकून झुकून किती झुकणार, मग पिस्टन रिंगमधून जरासा घसरतो आणि रिंग त्याला नव्या जागी मिठी मारते. परत यायचं अंतर मात्र तेवढंच. म्हणजे गळती रोखणं, परत ओढणं आणि झिजेची भरपाई करणं ही तिन्ही कामं काही रुपयांच्या रबराची.

मग जाम का होतं? पिस्टनच्या तोंडावरचं रबरी डस्ट कव्हर फाटतं, पावसाळ्यात पाणी आत जातं, कोकणात वरून खारी हवा. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. समुद्राजवळच्या इमारतीत सळ्या गंजून स्लॅबचे पोपडे पडतात ना, तोच प्रकार इथे खाचेत होतो. गंज रिंगला मागून ढकलत पिस्टनवर आवळतो. मिठीचा गळफास होतो म्हणा. पायाचा जोर शेकडो किलोंचा, त्यामुळे ब्रेक लागतो झकास. परत ओढायला बिचाऱ्या रबराची ताकद पुरत नाही. पॅड घासत राहतो, घाट चढतानाही.

दुसरा गुन्हेगार म्हणजे नाव. आपण 'ब्रेक ऑइल' म्हणतो, पण आपल्या बहुतेक गाड्यांत ते खनिज तेल नसतंच. ते ग्लायकॉल जातीचं द्रव असतं. नावाला भुलून कुणी त्यात इंजिन ऑइल ओततो, कुणी कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिनांना साधं ग्रीस फासतो. खनिज तेलाने हे रबर फुगतं. तिथे सिलिकॉन ग्रीसच हवं. शिवाय हे द्रव हवेतली ओल शोषतं: डॉट 4 या दर्जाचं नवं द्रव किमान 230 अंशांपर्यंत उकळत नाही, 3.7 टक्के पाणी शिरलं की ही मर्यादा 155 वर येते. जाम चाकाच्या धगीने द्रव उकळलं तर वाफ दबते आणि उतारावर पेडल पोकळ लागतं. लाल रंगाची प्लॅस्टिकची कॅलिपर-कव्हरं 'रेसिंग लूक' म्हणून विकतात, ती तर धग आतच कोंडतात.

गॅरेजमध्ये चाक जॅकवर उचललं, हाताने फिरेना. पोराने लगेच नवा कॅलिपर मागवायला फोन काढला. त्याला म्हटलं, आधी निपल, म्हणजे कॅलिपरमधलं द्रव बाहेर सोडायचा स्क्रू, सैल कर. निपल उघडल्यावर चाक सुटलं असतं, तर दोष कॅलिपरचा नव्हता. कॅलिपरला द्रव नेणाऱ्या रबरी नळीचा (होजचा) आतला थर फुगून दाब अडकला असता. चाक सुटलं नाही. पिना हाताने सरकत होत्या, म्हणजे पिस्टनच. तो काढायला पोरगा हवेचा पाइप घेऊन आला, पण हवेने पिस्टन गोळीसारखा सुटतो आणि बोट चेचतं. निपल बंद करून, समोर लाकडी ठोकळा धरून ब्रेकच्याच दाबाने तो बाहेर आणला.

इथे रिंगची जागा पुन्हा कामाला येते. रिंग पिस्टनवर घासते, सिलिंडरच्या भिंतीवर नाही. त्यामुळे भिंतीवरचे बारीक ओरखडे चालतात, पिस्टनवरचा नख अडकेल एवढा खड्डा चालत नाही. माझ्या पिस्टनचा क्रोम दोन जागी उडालेला, म्हणून पिस्टन नवा घेतला आणि दोन्ही बाजूंना रबरी रिंग आणि डस्ट कव्हरचं नवं किट टाकलं. खाच पितळी ब्रशने साफ केली, धुवायला ब्रेक क्लीनर वापरला, पेट्रोल नाही. खाचच खोलवर कुरतडलेली असती तर मात्र अख्खा कॅलिपर बदलण्यावाचून इलाज नव्हता.

ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढून झाली, चाक चढलं आणि पोरगा गाडी मागे घ्यायला बसला. "थांब, आधी पंप मार!" पहिल्या दाबाला पेडल तळाला गेलं, दुसऱ्यालाही. पिस्टन पार आत ढकललेले होते. प्रत्येक दाबाला ते नव्या रिंगमधून थोडे थोडे घसरत पॅडकडे येत होते. सातव्या दाबाला पेडल कडक लागलं.