बंड

बंड (नपुंसकलिंगी नाम) म्हणजे ज्याचा अंमल मानायचा त्याच्याविरुद्ध उघड उभे राहणे. उघडपणा महत्त्वाचा. आतून शत्रूला सामील होणे ती फितुरी, मनात धुमसतो तो असंतोष. झेंडा उभारला की बंड. म्हणूनच बंड पुकारतात, त्याचे निशाण उभारतात, ते मोडून काढतात किंवा थंडावते. ‘बंडखोर’ मधला ‘खोर’ फारसीतला. चुगलखोर, लाचखोर यांच्या पंक्तीला बसल्याने या शब्दाला थोडा कलंक चिकटलेला आहे. बंडाळी म्हणजे मुलुखभर माजलेली बेबंदशाही.

बंड म्हणताना बोलणारा बहुधा सत्तेच्या जागेवर उभा असतो. कोल्हापूर संस्थानातले १८४४ चे गडकऱ्यांचे, म्हणजे किल्ले राखणाऱ्यांचे, बंड, गोव्यातले १७८७ चे पिंटोंचे बंड, तिथल्याच सत्तरी तालुक्यातली राणे घराण्याची बंडे, ही नावे मोडणाऱ्याच्या बाजूची वाटतात. उमाजी नाईकांना १८३२ साली पुण्यात फाशी दिली ती बंडवाले म्हणून. आज त्यांना आद्यक्रांतिवीर म्हणतात.

शब्दांची सर्वांत मोठी झटापट १८५७ वरून झाली. वरसईचे विष्णुभट गोडसे दानदक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेले आणि झाशीच्या वेढ्यात सापडले. राणीबद्दल त्यांच्या मनात अपार आदर, तरी १९०७ साली छापलेल्या त्यांच्या प्रवासवर्णनाच्या उपशीर्षकात शब्द आहे तो ‘बंडाची हकीकत’. त्या पिढीला दुसरा शब्दच जवळ नव्हता. लगेच सावरकरांनी ‘स्वातंत्र्यसमर’ हे नाव दिले, आणि एका शब्दाने सारा इतिहास कूस बदलून बसला. तरीही जुनी माणसे ‘बंडाच्या साली’ असेच म्हणत.

दलित चळवळीने बंडाऐवजी ‘विद्रोह’ उचलला, तोही अभिमानाने. १९९९ पासून विद्रोही साहित्य संमेलने भरतात. विद्रोहात विचार आधी येतो, बंडात कृती.

राजकारणात २०२२ साली शिवसेना फुटली तेव्हा शिंदे गटाचे आमदार ‘बंड नाही, उठाव’ असे सांगत होते, कारण उठावाला न्याय्य कारण गृहीत धरले जाते. निवडणुकीत तिकीट न मिळालेला कार्यकर्ता अपक्ष अर्ज भरतो, ती ‘बंडखोरी’. वर्तमानपत्रे त्यांना ‘बंडोबा’ म्हणतात. मग नेत्यांचे फोन सुरू होतात, समजूत काढली जाते. माघारीच्या दिवशी दुपारी तीन वाजून गेले आणि नाव यादीत राहिले, तर ते बंड खरे.