डमी केक (सजावटीच्या सरावासाठी)

डमी केक म्हणजे खऱ्या केकच्या मापाचा, खाण्यासाठी नसलेला ठोकळा. त्यावर क्रीम, फॉन्डंट (लाटून केकवर पसरायचा साखरेचा मऊ गोळा) किंवा रॉयल आयसिंगचा (अंड्याचा पांढरा भाग आणि आयसिंग शुगरचे, वाळून कडक होणारे मिश्रण) सराव करायचा, सगळे खरवडून काढायचे, ठोकळा धुवायचा आणि पुन्हा वापरायचा. दुकानांच्या काचेतले नमुने, स्पर्धेतले केक आणि लग्नाचे उंच केक यांतही तो असतो. गोव्यातल्या ख्रिस्ती लग्नांत दिसणाऱ्या अनेक थरांच्या केकमध्ये कापायचा थर खरा आणि बाकीचे काही थर डमी, अशी रचना नेहमीची आहे. कल्पना जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये १९४० साली केकवरच्या साखरेच्या आयसिंगवर बंदी आली, तेव्हा लग्नात छोट्या साध्या केकवर पुठ्ठ्याचे सजवलेले आवरण ठेवत आणि ते पुढच्या लग्नासाठी परत जाई.

आज डमी बहुधा थर्माकोलचा मिळतो. घेताना तो घट्ट, बारीक दाण्यांचा आहे ना हे पाहावे. भुसभुशीत ठोकळ्याचे दाणे पहिल्याच धुण्यात सुटतात. सुरुवातीला ६ आणि ८ इंच व्यासाचे, ४ इंच उंचीचे दोन गोल पुरतात. महाराष्ट्रात २०१८ च्या अधिसूचनेने सजावटीच्या थर्माकोलवर बंदी घातली. थर्माकोल नकोच असेल, तर सरळ भिंतीचा ॲल्युमिनियमचा केक टिन उलटा ठेवूनही क्रीमचा सराव उत्तम होतो.

नव्या ठोकळ्याची वरची कडा फार तीक्ष्ण असते आणि तिच्यावर फॉन्डंट हमखास फाटतो. म्हणून फॉन्डंटसाठीच्या डमीची कडा बारीक पॉलिश पेपरने किंचित गोलसर करावी आणि चिकटलेला भुसा ओल्या फडक्याने पुसावा. क्रीमसाठीच्या डमीची कडा तशीच ठेवावी. नंतर पेन्सिलने वरच्या वर्तुळाचे ८ किंवा १६ समान भाग आखून रेषा बाजूंवर उतरवाव्यात आणि क्रीमच्या डमीवर क्लिंग रॅप (पारदर्शक पातळ प्लॅस्टिक) ताणून खाली चिकटपट्टीने पक्के करावे. रेषा आतून दिसत राहतात आणि झालरींचे अंतर सारखे येते.

डमीला वजन नसते. पॅलेट नाइफचा (क्रीम पसरवायच्या लांब, बोथट सुरीचा) पहिला हात फिरताच तो सरकतो. व्यासापेक्षा २ इंच मोठ्या बोर्डाच्या बरोबर मध्यावर तो दुहेरी चिकटपट्टीने बसवावा आणि बोर्डाखाली टर्नटेबलवर (केक फिरवायच्या गोल स्टँडवर) न घसरणारी जाळी ठेवावी. मध्य चुकला की एका बाजूला क्रीम जाड आणि दुसरीकडे थर्माकोल उघडे पडते. चिकटवायला पांढरा फेव्हिकॉल चालतो. विद्रावक असलेला गोंद किंवा स्प्रे पेंट मात्र थर्माकोल विरघळवून त्यात खड्डे पाडतो.

सरावासाठी दर वेळी महागडे क्रीम फेटायची गरज नाही. २५० ग्रॅम वनस्पती तूप किंवा बेकरी शॉर्टनिंग, ५०० ग्रॅम आयसिंग शुगर आणि २ ते ४ चमचे पाणी फेटून केलेले क्रीम बंद डब्यात बरेच दिवस टिकते आणि खरवडून पुन्हा वापरता येते. डब्यावर ‘फक्त सराव’ असे ठळक लिहावे. हे क्रीम कोणाच्या खाण्यात जाता कामा नये. मात्र नॉन-डेअरी व्हिपिंग क्रीमचा (फेटून फुलवायच्या, दुधाच्या साईशिवाय केलेल्या क्रीमचा) स्वभाव वेगळा असल्याने अधूनमधून तेही घ्यावे लागते. ८ इंची डमीवर अर्धा सेंटिमीटर थर देण्यास सुमारे ५०० मिलि. फेटलेले क्रीम लागते. क्रीम तिपटीने फुलते असे धरले, तर पातळ क्रीम साधारण १६० ते १७० मिलि. घ्यावे.

खरा कस गुळगुळीत बाजूंचा. स्क्रॅपरची (क्रीम सपाट करायच्या सरळ कडेच्या पट्टीची) खालची कडा बोर्डाला टेकवून तो उभा आणि स्थिर धरावा आणि दुसऱ्या हाताने टर्नटेबल फिरवावे. टेबल फिरत असतानाच स्क्रॅपर अलगद सुटू द्यावा, नाहीतर थांबल्या जागी उभी रेघ उमटते. वरच्या कडेबाहेर आलेले क्रीम पॅलेट नाइफने बाहेरून आत ओढावे आणि प्रत्येक ओढीनंतर सुरी पुसावी. पृष्ठभागावर छिद्रे किंवा खरबरीतपणा आला, तर क्रीम जास्त फेटले गेले आहे. त्यात थोडे न फेटलेले क्रीम हाताने मिसळले की ते सुधारते.

फॉन्डंटसाठी लाटीचा व्यास मोजूनच घ्यावा: ८ इंच वरचा भाग, दोन्ही बाजूंचे ४-४ इंच आणि कापायला २ इंच, म्हणजे १८ इंच. ३ ते ४ मिमी जाडीला ७०० ते ८०० ग्रॅम फॉन्डंट लागतो. फॉन्डंटच्या डमीवर क्लिंग रॅप नको. ठोकळ्यावर पाण्याचा पुसट हात फिरवला की पुरते. पाणी जास्त झाले की आवरण घसरते आणि खाली फुगे धरतात. फुग्याला बारीक सुईने तिरके टोचून हवा दाबून काढावी. बाजूच्या चुण्या आधी हाताने उघडाव्यात, मग वरून खाली बसवत जावे. आधी दाबली तर चुणी कायमची राहते. कोकणातल्या पावसाळी हवेत फॉन्डंट ओल धरून चिकट होतो, तेव्हा हा सराव कोरड्या खोलीतच करावा.

डमी काही गोष्टी लपवतो, हे शिकणाऱ्याने पक्के लक्षात ठेवावे. त्याला चुरा सुटत नाही, त्यामुळे क्रम कोट (चुरा धरून ठेवणारा क्रीमचा पहिला पातळ थर) शिकता येत नाही. तो दबत नसल्याने स्क्रॅपर जोरात रेटायची सवय लागते आणि तोच हात मऊ स्पंजमध्ये रुतून खड्डा पाडतो. शिवाय थर्माकोल थंडावा साठवत नाही. फ्रीजमधून काढलेला खरा केक आतून गार असल्याने क्रीम लवकर बसते. डमीवरचे क्रीम उन्हाळ्यात मिनिटांत सैल पडते, आणि दोष हाताचा आहे असे उगाच वाटते. उलटा टिन फ्रीजमध्ये गार करून घेतला की हा फरक बराच कमी होतो. तरी बाकीच्या गोष्टींसाठी चार-पाच डमींमागे एक खरा केक करावाच.

काम झाल्यावर क्रीम प्लॅस्टिकच्या स्क्रॅपरने काढावे, रॅप बदलावा आणि ठोकळा कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाने, मऊ स्पंजने धुवावा. उकळते पाणी टाळावे. थर्माकोल मऊ पडून आकार बिघडतो. वाळलेला फॉन्डंट सुरीने उचकटू नये. ओले फडके गुंडाळून तो तासभर ठेवला की सोलून निघतो. डमी सावलीत वाळवावा, उन्हात थर्माकोल पिवळा पडून ठिसूळ होतो. साखरेचा कण जरी राहिला तरी मुंग्या लागतात, त्यामुळे पूर्ण कोरडा झाल्यावरच डमी बंद पिशवीत भरावा.