मानसोपचार सामाजिक कार्यकर्ता

मनोविकारातून सावरणाऱ्या व्यक्तीचे घर, रोजगार, नातीगोती आणि कायदेशीर हक्क यांची घडी पुन्हा बसवून देणारा प्रशिक्षित व्यावसायिक. मानसोपचारतज्ज्ञ निदान करून औषध लिहून देतो. ते औषध गावात, घरात वर्षानुवर्षे घेतले जाईल की नाही हे पाहणे या कार्यकर्त्याकडे येते. महाराष्ट्राच्या शासकीय सेवेत ‘समाजसेवा अधीक्षक (मनोविकृती)’ या नावाचे पद आहे.

बॉस्टन येथील मनोरुग्णालयात मेरी जॅरेट यांनी १९१३ च्या सुमारास या कामाला स्वतंत्र व्यवसायाचे रूप दिले. भारतात समाजकार्याचे पद्धतशीर शिक्षण मुंबईत १९३६ साली सर दोराबजी टाटा पदव्युत्तर समाजकार्य विद्यालयात सुरू झाले; हीच पुढची टाटा सामाजिक विज्ञान संस्था. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार मानसोपचार सामाजिक कार्यकर्त्याकडे समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी आणि त्यानंतर मानसोपचार समाजकार्यात दोन वर्षांचे पूर्णवेळ एम.फिल., देखरेखीखालील प्रत्यक्ष कामासह, अपेक्षित आहे. बंगळुरूची निम्हान्स (राष्ट्रीय मानसिक आरोग्य व चेताविज्ञान संस्था), रांची आणि तेजपूर येथील केंद्रीय संस्था ही या शिक्षणाची जुनी ठिकाणे. प्रत्यक्षात अनेक संस्थांमध्ये एम.एस.डब्ल्यू. म्हणजे फक्त समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी झालेली मंडळीच हे काम करतात, आणि ग्रामीण भागात त्यांच्यावाचून ते चालतही नाही.

रुग्णालयाबाहेरचे काम

१९८२ चा राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आणि १९९६ पासूनचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम यांनी उपचार मोठ्या मनोरुग्णालयांतून जिल्हा व तालुका पातळीवर आणायचे ठरवले. जिल्हा पथकात मानसोपचारतज्ज्ञ, चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ आणि परिचारिका यांच्याबरोबर सामाजिक कार्यकर्त्याचीही जागा असते. ही दिशा किती निकडीची होती हे ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे दिसले. तिथे झोपड्यांना आग लागली तेव्हा साखळदंडाने बांधलेल्या मनोरुग्णांना पळताही आले नाही. २८ जण मृत्युमुखी पडले.

कामाचा गाभा म्हणजे गृहभेट. गावातल्या रुग्णाची माहिती बहुधा आशा सेविकेकडून मिळते. तोवर घरच्यांनी देवरुषी, भगत, दर्गा हे सगळे करून पाहिलेले असते, आणि त्यावरून त्यांना फैलावर घेणारा कार्यकर्ता पुढच्या वेळी दारातूनच परत पाठवला जातो. मुरलेला कार्यकर्ता आधी पीकपाणी विचारतो, मग गोळ्यांची पाकिटे मागतो. पंधरा दिवसांच्या पट्टीत नऊ गोळ्या शिल्लक असतील तर त्यामागे काही कारण असते: गोळीने दिवसभर झोप येते, मजुरी बुडते, किंवा तालुक्याला जायला एसटीचे भाडे नसते. कधी आई चहातून लपवून औषध देत असते आणि मुलाला ते कळल्यावर तो घरचे पाणीही प्यायचे सोडतो. असा तुटलेला विश्वास सांधायला महिने जातात. घरात सतत टोमणे आणि टीका असेल तर स्किझोफ्रेनियासारखा (भास-भ्रम होणारा) आजार उलटण्याचा धोका वाढतो, हे संशोधनाने वारंवार दाखवले आहे. त्यामुळे ‘तो आळशी नाही, आजारी आहे’ हे वडिलांना पटवून देणे हाही उपचाराचाच भाग ठरतो.

यानंतर येतात कागदपत्रे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये मानसिक आजाराचा समावेश आहे. आजाराने आलेले अपंगत्व किमान ४० टक्के असल्याचे प्रमाणपत्र मिळाले की त्यावर एसटीची सवलत, संजय गांधी निराधार अनुदान योजना यांचे दार उघडते. पण ज्याला रांगेत उभे राहणेच असह्य होते त्याने जिल्हा रुग्णालय, तहसील आणि बँक यांच्या खेपा घालायच्या कशा? या खेपांत कार्यकर्ता बरोबर असतो.

२०१७ च्या कायद्याने समाजात राहण्याचा हक्क, नामनिर्देशित प्रतिनिधी (आपल्या वतीने उपचारांचे निर्णय पाहणारी व्यक्ती) नेमण्याची आणि उपचारांबाबत आगाऊ सूचना लिहून ठेवण्याची सोय दिली. या तरतुदी रुग्ण आणि घरच्यांना समजावून सांगण्याचे काम सामाजिक कार्यकर्त्याने करायला हवे. कारण त्यांच्याशी निवांत बोलायला बाह्यरुग्ण विभागात दुसऱ्या कुणाला वेळच नसतो.

महाराष्ट्र व गोवा

पुणे (येरवडा), ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. बरे होऊनही घरच्यांनी न नेलेल्या व्यक्ती हा अशा रुग्णालयांतील सर्वांत दुखरा प्रश्न. कर्जतजवळील श्रद्धा पुनर्वसन केंद्र रस्त्यावरच्या निराधार मनोरुग्णांवर उपचार करते. बोलण्यातला एखादा गावाचा उल्लेख, बोलीचा हेल यांवरून माग काढत तिथले कार्यकर्ते त्यांना दूरच्या राज्यांतील घरी पोहोचवतात. या कार्यासाठी केंद्राचे संस्थापक डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ साली रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गोव्यात संगाथ या संस्थेने प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांकडून नैराश्य व चिंतेवरील उपचार प्राथमिक आरोग्य केंद्रांत देऊन पाहिले. सरकारी केंद्रांत त्याचा लाभ दिसला. पुण्यातील स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनने रुग्ण आणि कुटुंबीयांचे स्वमदत गट बांधले.

नोकरीची स्थिती

जिल्हा कार्यक्रमातील अनेक पदे कंत्राटी आहेत. नोंदवह्या आणि अहवालांत दिवस जातो. गृहभेटींसाठी वाहन मिळेलच असे नसते. कार्यकर्ता बदलला की कुटुंबाला सारी कहाणी नव्याने सांगावी लागते, आणि अनेक कुटुंबे तिथेच उपचार सोडतात. नियमित पद आणि प्रवासखर्चाची हमी या दोन गोष्टींचा संबंध म्हणूनच थेट रुग्णाच्या बरे होण्याशी आहे. अनुभवी कार्यकर्ते पुढे अध्यापन, पुनर्वसन केंद्रांचे व्यवस्थापन, व्यसनमुक्ती किंवा ‘टेलि-मानस’ (१४४१६) या २०२२ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय दूरध्वनी सेवेकडे वळतात.