उभा किलोमीटर आणि आडवा किलोमीटर

सीएसएमटी ते दादर हे मध्य रेल्वेचं अंतर साधारण 9 किलोमीटर. एव्हरेस्टची उंची 8848.86 मीटर, म्हणजे तेवढीच. जगातलं सर्वात उंच शिखर रुळांवर आडवं टाकलं, तर दादर स्टेशनात पोचता पोचता संपेल. महाराष्ट्रातलं सर्वोच्च कळसूबाई 1646 मीटरचं. ते तर सँडहर्स्ट रोडच्याही अलीकडेच संपतं.

आडवा किलोमीटर आपण मोजतही नाही, पण उभ्या किलोमीटरचा हिशेब वेगळा. दर किलोमीटरला हवा सरासरी साडेसहा अंशांनी थंड होत जाते आणि विरळही. एव्हरेस्टच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम एक तृतीयांश उरतो, त्यामुळे तिथे पाणी सुमारे 70 अंशांनाच उकळतं. साउथ कोलची खिंड सुमारे 7900 मीटरवर आहे. तिथून शिखरापर्यंतची चढाई एक किलोमीटरसुद्धा नाही. तरीही गिर्यारोहक रात्रीच निघतात, बहुतेक जण पाठीवर ऑक्सिजन घेऊन, आणि सकाळी कुठे माथा गाठतात.

पृथ्वीचा विचार केला की मात्र हे डोंगर फारच किरकोळ वाटतात. तिचा व्यास सुमारे 12,742 किलोमीटर. एक मीटर व्यासाचा पृथ्वीगोल करायचा ठरवला, तर त्यावर एव्हरेस्ट एक मिलिमीटरचाही भरणार नाही, 0.7 मिलिमीटर होईल. शाळेतल्या उठावाच्या नकाशांवर हिमालय बोटाला लागतो, कारण तिथे उंची मुद्दाम कितीतरी पटींनी वाढवलेली असते. ते करावंच लागतं, नाहीतर दिसेल काय?

उंची मोजायची कुठून, हाही प्रश्न आहेच. समुद्रसपाटीपासून मोजलं तर एव्हरेस्ट पहिला. पण तो मुळात तिबेटच्या सुमारे 5 किलोमीटर उंच पठाराच्या कडेला उभा आहे. हवाई बेटावरचा मौना केआ समुद्रसपाटीपासून फक्त 4207 मीटर. समुद्रतळावरच्या त्याच्या पायथ्यापासून मोजला तर 9 किलोमीटरहून जास्त, म्हणजे एव्हरेस्टपेक्षा उंच. आणि पृथ्वीच्या केंद्रापासून सर्वात दूर आहे इक्वेडोरमधल्या चिंबोराझोचा माथा. उंची 6263 मीटरच, पण तो विषुववृत्ताजवळ आहे आणि पृथ्वी तिथे फुगलेली आहे. विषुववृत्तावरची त्रिज्या ध्रुवांकडच्या त्रिज्येपेक्षा 21 किलोमीटरने जास्त आहे. एवढ्या फरकापुढे अडीच किलोमीटरची उणीव सहज भरून निघते.

मग पृथ्वीवर 20 किलोमीटरचा डोंगर का नाही? कारण डोंगराला स्वतःचंच वजन पेलावं लागतं. खालचा खडक दबतो आणि डोंगर खाली खचतो. हिमालयाखाली भूकवच सुमारे 70 किलोमीटर जाड आहे, सर्वसाधारण खंडाच्या जवळपास दुप्पट. जेवढं वर दिसतं त्याच्या कितीतरी पट खाली बुडालेलं आहे. शिवाय पाऊस आणि हिमनद्या वरून झीज करतच राहतात.

मंगळावर ही बंधनं सैल आहेत. तिथलं गुरुत्व पृथ्वीच्या 38 टक्के आणि कवच पृथ्वीसारखं सरकत नाही, त्यामुळे ज्वालामुखीचा लाव्हा कोट्यवधी वर्षं एकाच जागी साचत राहतो. त्यातून ऑलिम्पस मॉन्स उभा राहिला, सुमारे 22 किलोमीटर उंच. मुंबईचा अटल सेतू 21.8 किलोमीटर लांब आहे. शिवडीहून न्हावा शेव्यापर्यंतचा तो सगळा पूल उभा करून पाहा!

ऑलिम्पस मॉन्सची रुंदी सुमारे 600 किलोमीटर आहे. आमणेहून 701 किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर निघालं, तर डोंगर मागे पडेपर्यंत नागपूर शंभर किलोमीटरवर आलेलं असेल. म्हणूनच त्याचा उतार सरासरी पाचेक अंशांचाच आहे. त्यावर उभ्या असलेल्या माणसाला आपण डोंगरावर आहोत हे कळणारही नाही, कारण त्याचे उतार क्षितिजापलीकडे जातात. डोंगर असल्याची खूण पटेल ती त्याच्या कडेला. तिथे काही ठिकाणी सहा-सात किलोमीटर उंचीचे कडे आहेत, म्हणजे एकावर एक चार कळसूबाई.