हातपंपाचे जलभंजन आणि वायूचे फ्रॅकिंग

उन्हाळ्याच्या तोंडावर शाहूवाडी, भुदरगड, आजरा या तालुक्यांतील डोंगरावरच्या वाड्या-वस्त्यांवर हातपंपांचे पाणी कमी होऊ लागले की उपायांच्या चर्चेत जलभंजनाचे नाव निघते. उच्च दाबाने पाणी सोडून खडकातील भेगा मोकळ्या करणे हे त्याचे तत्त्व आहे. अमेरिकेत नैसर्गिक वायू काढण्यासाठी होणाऱ्या फ्रॅकिंगचे तत्त्वही हेच असल्यामुळे, तिथल्या, काडी लावताच पेट घेणाऱ्या नळांच्या चित्रफिती मोबाइलवर पाहिलेल्या माणसाला आपल्या पंपाविषयी धास्ती वाटणे स्वाभाविक आहे. उलट, हातपंपाला जे चालते ते वायूच्या विहिरीलाही चालायला काय हरकत आहे, असाही प्रश्न कोणी विचारू शकेल. माझ्या मते ही दुसरी गफलत अधिक घातक आहे, कारण पहिल्या गफलतीने एखाद्या वस्तीचा पंप दुरुस्त व्हायचा राहील, पण दुसरीने एका मोठ्या उद्योगाचे दोष नजरेआड होतील.

कोल्हापूर जिल्ह्याचा बहुतेक भाग दख्खनच्या बेसाल्टवर, म्हणजे काळ्या पाषाणावर आहे. घट्ट बेसाल्टच्या अंगात पाणी मुरत नाही. ते सांध्यांत आणि भेगांत साठते. त्यामुळे विंधन विहिरीला अशी भेग लागली नाही, किंवा लागलेली भेग गाळाने बुजली, तर शेजारच्या विहिरीला पाणी असूनही हातपंप कोरडा राहतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा अशाच ठिकाणी जलभंजन करते. आधी हातपंप उतरवून त्याचे पाइप बाहेर काढले जातात. मग रबरी पॅकर, म्हणजे विहीर मध्येच घट्ट बंद करणारे बूच, केसिंगच्या (विहिरीच्या वरच्या भागातल्या अस्तर-पाइपच्या) बराच खाली, टणक खडकात नेऊन घट्ट बसवला जातो आणि त्याच्या खालच्या भागात साधे पाणी दाबाने सोडले जाते. दाबमापकाचा काटा चढत जातो आणि भेग उघडली की झटकन खाली येतो. काम साधले की नाही याची पहिली खूण तिथेच मिळते. शेवटी कॉम्प्रेसरने गढूळ पाणी बाहेर काढून पंप पुन्हा बसवला जातो. हातपंपाची विहीर साधारण 60 मीटर, म्हणजे 200 फूट खोल असते, आणि एवढ्या कामाला टँकर-दोन टँकर पाणी पुरते.

वायूच्या विहिरीत यातले प्रमाणच बदलते. शेल नावाच्या चिकणमातीच्या थरांपासून बनलेल्या खडकात मिथेन अडकलेला असतो. तो काढण्यासाठी दीड ते तीन किलोमीटर खोल जाऊन, तिथून आडवे वळून आणखी एक-दोन किलोमीटर भोक पाडावे लागते. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण विभागाच्या माहितीनुसार एका विहिरीला 57 लाख ते 6 कोटी लिटर पाणी लागते. पडलेल्या भेगा पुन्हा मिटू नयेत म्हणून त्या पाण्यात वाळू मिसळतात, आणि घर्षण व जिवाणूंची वाढ कमी करण्यासाठी रसायनेही घालतात. रसायनांचे प्रमाण साधारण अर्धा ते दोन टक्के असते, हे समर्थक आवर्जून सांगतात. पण 6 कोटी लिटरचा एक टक्का म्हणजे 6 लाख लिटर होतात, हेही सोबत सांगितले पाहिजे.

मुख्य वाद मात्र विहिरीतून परत येणाऱ्या पाण्याचा आहे. त्यात घातलेल्या रसायनांबरोबरच खोल खडकातले तीव्र क्षार आणि काही ठिकाणी रेडियमसारखी किरणोत्सारी द्रव्ये असतात. ते नदीत सोडता येत नाही, म्हणून पुष्कळदा वेगळ्या विहिरींतून पुन्हा जमिनीत कोंबले जाते. ओक्लाहोमा राज्यात तेल-वायू उद्योगाचे असे सांडपाणी प्रचंड प्रमाणात जिरवल्यामुळे, जिथे पूर्वी वर्षाकाठी तीन तीव्रतेपेक्षा मोठे एक-दोनच भूकंप होत, तिथे 2015 मध्ये त्यांची संख्या नऊशेच्या आसपास गेली, आणि 2016 मध्ये पॉनी येथे 5.8 तीव्रतेचा धक्का बसला. 1967 चा कोयनेचा भूकंप ज्यांच्या घरांनी सोसला, त्या कोल्हापूर-सातारच्या माणसांना, जलाशयातल्या पाण्याचा खोल खडकातील ताणांशी कसा संबंध येतो, हे वेगळे सांगायला नको. इंग्लंडमध्ये तर खुद्द फ्रॅकिंगमुळेच, ऑगस्ट 2019 मध्ये लँकशरमध्ये 2.9 तीव्रतेचा धक्का बसला आणि नोव्हेंबरमध्ये सरकारने हे काम थांबवले. फ्रान्सने 2011 मध्येच त्यावर बंदी घातली होती. टँकरभर पाण्याच्या जलभंजनाला असा धोका चिकटवणे योग्य नाही.

पेटत्या नळांबद्दलही नेमके बोलायला हवे. काही भागांत भूजलात मिथेन मुळातच असतो. इतर काही ठिकाणी तो वायूच्या विहिरीभोवतीच्या सदोष सिमेंटमधून वर सरकला आहे. किलोमीटरभर खोल पडलेली भेग थेट पिण्याच्या पाण्यापर्यंत पोहोचणे हा त्यामानाने दुर्मीळ मार्ग आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 2016 च्या अहवालात, विशिष्ट परिस्थितीत या उद्योगामुळे पिण्याच्या पाण्याच्या स्रोतांवर परिणाम होऊ शकतो, असे नोंदवले. हवामानाचा मुद्दा याहून गुंतागुंतीचा आहे. वीजनिर्मितीत कोळशाऐवजी वायू आल्याने अमेरिकेतील त्या क्षेत्राचे कार्बन उत्सर्जन घटले हे खरे आहे. पण वीस वर्षांच्या हिशोबात मिथेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा ऐंशीपटींहून अधिक तापमानवाढ करतो, त्यामुळे विहिरींतून आणि वाहिन्यांतून होणारी थोडी गळतीही तो फायदा खाऊन टाकू शकते.

आपल्या बेसाल्टमध्ये शेल वायू नाही, म्हणून कोल्हापुरात अशी विहीर खणण्याचा प्रश्न येत नाही. तरीही हा वाद आपल्यापासून दूर नाही, कारण मार्च 2018 मध्ये अमेरिकेतून दीर्घकालीन कराराने घेतलेल्या द्रवरूप वायूचे पहिले जहाज शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यात, दाभोळलाच लागले, आणि अमेरिकेतला बहुतांश वायू आता फ्रॅकिंगनेच निघतो.

जलभंजनाच्या मर्यादा वेगळ्या आणि अगदी स्थानिक आहेत. ते पाणी निर्माण करत नाही, फक्त असलेल्या पाण्याला वाट देते. पुनर्भरण नसेल तर पंप पुन्हा आटतो. पॅकर फार वर बसवला किंवा केसिंग गळके असले, तर शोषखड्ड्याचे आणि गोठ्याचे पाणी आत येऊ शकते. शिरोळकडच्या खारवट पट्ट्यात भेग उघडली तर गोड्या पाण्याऐवजी खारे पाणी हाती येण्याची शक्यता असते. म्हणून जलभंजनाची गाडी वस्तीवर येण्याआधी ग्रामपंचायतीने पॅकर किती खोलीवर बसणार आणि केसिंगची स्थिती काय आहे हे लेखी घ्यावे, आणि पंप सुरू झाल्यावर पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवून अहवाल येईपर्यंत ते पिण्यासाठी वापरू नये.