वाहत्या नळावरचे वेल्डिंग

मुंबई हायचा वायू समुद्राखालच्या नळांतून उरणला येतो, थळचा खत कारखाना नैसर्गिक वायूवर चालतो आणि दाभोळहून निघालेली वायुवाहिनी सह्याद्री ओलांडून बंगळूरपर्यंत जाते. कोकणच्या खाऱ्या, दमट हवेत पोलाद गंजायला वेळ लागत नाही. मात्र दुरुस्तीसाठी मोठी वाहिनी बंद केली, तर आतला वायू सोडून द्यावा लागतो आणि थंडावलेल्या भट्ट्या तापवून कारखाना पूर्ववत व्हायला काही दिवस जातात. म्हणून शक्य तिथे प्रवाह चालू ठेवूनच दुरुस्ती करतात.

नळ केवळ बाहेरून गंजला असेल, तर खड्डा लुकणाने भरून त्यावर काचतंतूंचे किंवा कार्बनतंतूंचे कापड इपॉक्सीत भिजवून गुंडाळतात. यात ठिणगीचा प्रश्नच येत नाही. पण पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश सेल्सियस गरम असावा लागतो, नाहीतर त्यावर दव धरते आणि इपॉक्सी नीट चिकटत नाही. पावसाळ्यात ही एवढी अट पाळण्यासाठीसुद्धा तंबू आणि हीटर लागतात.

झीज खोल असेल, तर नळाभोवती पोलादी स्लीव्ह, म्हणजे बाहेरून घट्ट बसणारे वेष्टन, बसवून ती वेल्ड करतात. वायूने भरलेल्या नळावर वेल्डिंग म्हटले की कोणालाही भीती वाटेल, परंतु मिथेन पेटण्यासाठी हवेत त्याचे प्रमाण साधारण ५ ते १५ टक्के असावे लागते आणि भरलेल्या नळात हवाच नसते. खरा धोका पोलादाला असतो. भिंत पातळ असेल, तर ती वितळून आतल्या दाबाने फुटू शकते, सुमारे ६.४ मिलिमीटर किंवा त्याहून जाड भिंतीत, वेल्डिंगचा योग्य रॉड वापरल्यास, ही शक्यता फार कमी असते. वाहता वायू आतून उष्णता ओढून नेतो, त्यामुळे भिंत वितळण्यापासून वाचते खरी, पण त्याच झपाट्याच्या थंडाव्याने जोडाजवळचे पोलाद कडक आणि ठिसूळ बनते. अशा पोलादात हायड्रोजन शिरला आणि त्यावर ताणही असला, की काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीसुद्धा, तडा जातो. हा हायड्रोजन मुख्यतः रॉडच्या लेपातल्या ओलाव्यातून येतो. म्हणूनच इथला जाणकार वेल्डर कमी हायड्रोजनचे रॉड ओव्हनमधून लागतील तेवढेच काढतो, आणि जोडाची अंतिम तपासणीही काही तास थांबून केली जाते. माझ्या मते या कामातले सर्वात मोठे कौशल्य याच काळजीत आहे.

गंजलेला तुकडाच बदलायचा असेल, तर हॉट टॅपिंग करतात, म्हणजे चालू नळालाच छिद्र पाडतात. नळावर दोन भागांची टी, म्हणजे इंग्रजी T आकाराचा जोड, वेल्ड करून तिच्यावर व्हॉल्व्ह आणि त्यावर कापणीचे यंत्र बसवतात, आणि मधल्या पोकळीतली हवा नायट्रोजनने काढून टाकल्यावरच कापायला घेतात. अशा छिद्रांतून खराब भागाच्या दोन्ही बाजूंना बूच उतरवून प्रवाह बगलेच्या नळातून वळवला, की मधला तुकडा मोकळा होतो. कापलेली चकती, जिला कामगार ‘कूपन’ म्हणतात, मधल्या ड्रिलवरच्या तारांत अडकून वर येते. ती निसटून प्रवाहात गेली, तर पुढचा व्हॉल्व्ह अडू शकतो. हाती आलेली वक्र चकती मात्र उलटून नीट पाहतात, कारण नळाची आतली बाजू किती झिजली आहे, हे त्या जागेपुरते तिच्यावर प्रत्यक्ष दिसते.